कुंपणावरचे मेहुणे

माझा जन्म वाळवा तालुक्यातला, उसाच्या फडात, म्हणजे अगदी फडातच, आई पाचट ओढत होती आणि मी आलो, आणि तिथल्या बायका सांगायच्या की पोर बघायला सगळ्यांत आधी एक धामण आली होती, सरीतून मान वर काढून. आता हे खरं की खोटं ते त्या धामणीला विचारा, ती जिवंत असली तर. पण तेव्हापासून साप आणि मी, आमचं एकमेकांवाचून चालत नाही बघा.

शिकलो आयटीआय, टर्नर. टर्नर म्हणजे कसला, लेथवर बसलो की केसाचे दोन उभे भाग करायचो आणि त्यातल्या एकावर आटे पाडायचो. हसू नका, तुमचा तो फोन रेकॉर्ड करतोय ना, मग करू द्या, मागाहून खोटं निघालं तर मला बोला.

लग्न झालं कमलशी. तिचं माहेर बत्तीस शिराळा. आता शिराळा म्हटलं की तुम्हाला कळलंच, नागपंचमीचं गाव, नागाला घरातलं माणूस मानणारं. त्यात हिच्या आईबापाला सगळ्या पोरीच, भाऊ नाही, म्हणून ही लहानपणापासून नागालाच भाऊ मानायची, पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास त्याच्याच नावानं धरायची. आमच्या लग्नात कानपिळीला माणूस मिळेना. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट वागव म्हणून दम भरायचा, ही रीत. भटजी म्हणाले, कुणी चुलतभाऊ बोलवा. तर ही मुंडावळ्या सारून मांडवात म्हणते कशी, राहू द्या, माझा भाऊ सवडीनं येऊन पिळेल. सगळा मांडव हसला. मीही हसलो, मूर्खासारखा.

मग अमेरिका. मामेभावानं बोलावलं, नॉर्थ कॅरोलायनात एका मशीन शॉपमध्ये लागलो, जन्म तिथंच गेला. महाराष्ट्र मंडळाचे लोक सगळे कॅरी नावाच्या गावात, सॉफ्टवेअर नाहीतर औषधं, एकाच्या घराचा रंग दुसऱ्यासारखा, रात्री चुकून शेजाऱ्याच्या बायकोला हाय हनी म्हणून येतील. मला ते नको होतं. मी घेतली जमीन कॅरीच्या पश्चिमेला, गावाची हद्द सोडून, जिथं बंदूक वाजवली तर शेजारी पोलीस बोलवत नाही, बाहेर येऊन विचारतो, लागला का. घर बांधलं, कोंबड्या पाळल्या. कोंबड्या आल्या म्हणून दाणे आले, दाणे आले म्हणून उंदीर आले, आणि उंदरांच्या मागोमाग आले आमचे मेहुणे.

कॉपरहेड. तिकडचा विषारी साप, तांबूस, जाड, पाचोळ्यात पडला तर ब्रह्मदेवालाही दिसणार नाही, आणि अंगावर डमरूचे छाप, एकापुढं एक. पहिला दिसला तेव्हा कमलनं हात जोडले, म्हणाली, अहो बघा तरी, शंकराचं डमरू आहे त्याच्या अंगावर. मी म्हटलं, हो, थांब, वाजवतो.

हे वाजवायचं मला शिकवलं शेजारच्या बिलीनं. बिली म्हणजे तोंडात कायम तंबाखू, दात मोजकेच, पण जे होते ते कामाचे. त्यानं त्याची जुनी रिव्हॉल्व्हर मला दिली आणि म्हणाला, दिगू, सापाला साधी गोळी मारणं म्हणजे धावत्या उंदराला सुई टोचणं, छर्रे मारायचे, मूठभर, जवळून. आणि दुकानातली छऱ्यांची काडतुसं काय घेतोस, तू टर्नर ना, घरी भर. झालं. गॅरेजमध्ये काडतुसं भरायचा प्रेस बसवला. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, आत बंदुकीची दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग छर्रे, वर पुन्हा चकती, आणि तोंड मेणानं बंद. चकत्या मी पाडायचो लग्नपत्रिकांच्या. मंडळातल्या लोकांच्या पत्रिका काय जाड असतात तुम्हाला माहीतच आहे. पुढंपुढं मी घटस्फोट झालेल्यांच्याच पत्रिका वापरायला लागलो, त्यांचे छर्रे चांगले फाकायचे.

टोपी आणि दारू माझ्या हातची, तिथं कुणाला बोट लावू दिलं नाही. पण साठीनंतर माझे हात थरथरायला लागले, म्हणजे थोडेसे, चहा सांडण्यापुरते, आणि ते बारीक छर्रे सगळ्या गॅरेजभर पळायचे. म्हणून छर्रे, वरची चकती आणि मेण हे काम कमलकडं गेलं. रांगोळीचा हात तिचा, एक दाणा इकडचा तिकडं नाही. तिनं माहेरचा जुना मसाल्याचा डबा आणला, एका वाटीत छर्रे, एकीत चकत्या, एकीत नातीच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्यांचे तुकडे. दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसून भरायचो, जसं काही रुखवतासाठी करंज्या भरतोय. आणि ती भरत असायची काय, तर भावाचं मरण. मी तिला तसं बोलायचोही, कमल, हा तुझ्या थोरल्याला, हा धाकट्याला. ती मान वर न करता मेण ओतायची.

मारलेले मी टाकून नाही द्यायचो हं. उचलायचो हातानं आणि कुंपणाच्या तारेवर वाळत घालायचो, लोक लंगोट वाळत घालतात तसे, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसले पाहिजेत. डोकं उडालं तरी धड वळवळायचं, गुंडाळायचं, जसं काही घरचा रस्ता आठवतंय. बिली गाडी थांबवून मोजायचा. काही वर्षं तर अशी होती की उन्हाळ्यात माझं कुंपण दिसायचंच नाही, नुसते मेहुणे. श्रावण आला की कमल पदर पसरायची, एवढा महिना सोडा हो. मी म्हणायचो, श्रावण इंडियात, इथं ऑगस्ट आहे.

मग एका श्रावणात काय झालं, पाण्याच्या नळाजवळ एक जाडजूड पडली होती, मादी. लावली फोडणी. पोट फाटलं, आणि आतून पिल्लं बाहेर आली की हो, जिवंत. हा साप अंडी घालत नाही, पिल्लं देतो. बोटाएवढाली, शेपटीची टोकं पिवळीधमक, हळदीत बुडवल्यासारखी, आणि एवढीशी असून तोंड वासत होती. त्यांच्यावर काय काडतूस वाया घालवायचं. बूट होते पायात. एकेकाला टाचेखाली घेतलं आणि फिरवली टाच, तंबाखू मळतात तशी. कमल दारात उभी होती, हातात चाळणी. मी म्हटलं, भाचरं गेली गं तुझी, चहा टाक. तिनं चहा टाकला. आलं घालून. त्यानंतर कधी पदर पसरला नाही. मला वाटलं, सुधारली.

पुढच्या उन्हाळ्यात आषाढापर्यंत माझा नेम असा होता की साप बंदूक बघून स्वतःच तारेवर जाऊन लोंबकळायचे. आणि श्रावण लागला तसा नेम चुकायला लागला. खुराड्याजवळ एक, ठो, आणि तो अंग झटकून गेला की चालत, म्हणजे सरपटत. लाकडाच्या ढिगाजवळ दुसरा, तोही गेला. नळाजवळ तिसरा, त्यानं तर मागं वळून बघितलं, पाहुण्याला शिंक आली तर आपण बघतो तसं. काडतूस हातात हलकं लागायचं, मला वाटलं बायको छऱ्यांत काटकसर करतेय. बार उडाला की बंदुकीची लाथही हलकी बसायची, तर मला वाटलं माझ्या मनगटात ताकद वाढली. माणसाला वाटायला काय लागतं?

तीन दिवसांत तीन मेहुणे सुटले, हे पोरीच्या कानावर गेलं. स्वाती, माझी मुलगी, कॅरीत असते, औषधाच्या कंपनीत. ती आधीपासूनच मागं लागलेली, अण्णा, घर विका, आमच्या बेसमेंटमध्ये या, आईला एकटं वाटतं. नात मीरा तर आजीच्या नावानं रडायची. पण मी काय बेसमेंटमध्ये जाणारा माणूस? मातीखाली जायचं ते मेल्यावर. स्वाती म्हणाली, अण्णा, यू कान्ट ईव्हन सी. तुमचे हात थरथरतात, लोडेड गन घेऊन फिरताय, मीराला मी इकडे पाठवणार नाही. मला झोंबलं. मी म्हटलं, परवा पंचमीला ये सगळ्यांना घेऊन, तुझ्यासमोर मारून दाखवतो. चुकलो तर रिव्हॉल्व्हर तुझी, घर विकायला काढ. ती म्हणाली, डील? म्हटलं, डील. कमल तिथंच भाजी निवडत होती, म्हणाली, बघा बाई, दोघं मिळून काय ते ठरवा.

पंचमीला आले सगळे. त्या दिवशी आमच्यात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, फोडणी नाही, सगळं उकडलेलं. कमलनं पुरणाची दिंडं उकडली, पाटावर हळदीनं नाग काढला, मीराला नमस्कार करायला लावला. मी अंगणात, रिव्हॉल्व्हरची सहाही घरं भरून. आणि यायचा तो आलाच, बरोबर तुळशीच्या कुंडीमागून, जाडजूड, डमरू मिरवत. स्वाती म्हणाली, ओ माय गॉड. मी म्हटलं, मागं व्हा. चार पावलांवरून मारला, ठो, आणि मेहुणा असा उडाला, उलटा पडला, पांढरं पोट वर, गप. मी स्वातीकडं बघितलं. काय सांगू तुम्हाला, निवडणूक जिंकलेला आमदार असा बघत नाही.

मीरा म्हणाली, आजोबा, इज इट डेड?

मी म्हटलं, डेड म्हणजे काय, ये, दाखवतो, तारेवर घालू. स्वाती ओरडली, अण्णा, डोन्ट टच इट. कमल दारात उभी होती. ती नाही ओरडली. मी वाकलो, मानेजवळ धरला, वर उचलला, आणि त्यानं अंग वळवलं, सावकाश, झोपेतून उठल्यासारखं, आणि माझं उजव्या हाताचं हे बोट, चाप ओढायचं, ते तोंडात घेतलं. सोडीना हो. चघळत होता. मी नाचतोय, हात झटकतोय, मीरा किंचाळतेय, तो शेवटी सुटला आणि तुळशीखालून निघून गेला. आणि कमल, माझी सात जन्मांची बायको, दारातूनच म्हणाली, झाली कानपिळी.

हॉस्पिटलात हात कोपरापर्यंत दुधी भोपळा झाला. औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हणाले, जीव जाणार नाही, पण बोट काळं पडलंय. बोट काढलं. भुलीतून उठलो तर स्वाती पायाशी बसलेली, रडून डोळे सुजलेले, तरी म्हणते, अण्णा, डील इज अ डील. पोरगी माझीच आहे. मी म्हटलं, अगं पण मी चुकलो नव्हतो, उलटा पाडला की त्याला. ती म्हणाली, अण्णा, प्लीज.

घर विकलं गेलं. झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा शेवटचं सामान आणायला आम्ही दोघं गेलो. मी अंगणात एक चक्कर मारायला निघालो, आणि खुराड्याजवळ थांबलो. हिरवी रोपटी, झुबक्यानं, दाट. लाकडाच्या ढिगाजवळ तशीच. नळाजवळ तशीच, जिथं ती भाचरं चिरडली होती अगदी तिथं, आणि तिथल्या एकदोन रोपांना वर पिवळी फुलंही आलेली. तुळशीच्या कुंडीभोवती तर नुसती गर्दी. जिथं जिथं नेम चुकला तिथं तिथं. मी फडात जन्मलेला माणूस, मला पान कळत नाही होय? एक तोडलं, चावलं, तिखट झणका नाकात गेला. मोहरी.

मागं कमल येऊन उभी राहिली होती, हातात टोपली. मी म्हटलं, तू काडतुसांत मोहरी भरलीस? ती म्हणाली, श्रावणापुरती. इतर महिन्यांत शिसंच भरलंय, तुमच्या कामात कधी खोट नाही केली. मी म्हटलं, आणि मी तो हातात घेतला तेव्हा तुला माहीत होतं तो जिवंत आहे म्हणून? ती खाली बसली, पाला खुडायला लागली, एकेक पान, रांगोळीच्या हातानं. म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना डेड. मी तुमचा शब्द कधी खाली पडू दिलाय का? आणि वर म्हणते कशी, धरा टोपली, उरलेल्या बोटांनी.

त्या रात्री तिनं त्याच पाल्याची भाजी केली, लसूण घालून. मी खाल्ली. फार चांगली झाली होती, मी खोटं का बोलू? दुसऱ्यांदा मागून घेतली.

आता इथं कॅरीत, बेसमेंटमध्ये. खिडकीतून लोकांचे पाय दिसतात आणि कुत्र्यांची तोंडं. साप एक नाही, गवतसुद्धा कापून ठेवलंय, त्याला लपायला जागा नाही बिचाऱ्याला. रिव्हॉल्व्हर स्वातीनं बिलीला परत दिली, बिली फोन करून सांगतो आज किती मारले. कमल मजेत आहे, मीरा तिच्या मागंमागं असते, दोघी मिळून हळदीचे नाग काढतात. मसाल्याचा डबा वर किचनमध्ये गेला, आता त्यात फक्त मसाला. सकाळी ती फोडणी टाकते, मोहरी तडतडायला लागते, आणि खाली बसल्या बसल्या माझं ते बोट, जे नाहीच, ते आपोआप वळतं, चाप ओढल्यासारखं. वरून ती हाक मारते, लागला का हो?

जा आता तुम्ही, वर पोहे झाले असतील, खाऊन जा. सुखी राहा. आणि लग्न करणार असाल तर आधी भावाकडून कान पिळून घ्या मांडवातच, उधार ठेवू नका.