माणूसखाऊ गेणू

न्हाई, पावणं, तुमी आधी माज्या तोंडाकडं नीट बघा… बघा, लाजू नका, आता सगळं जगच बघतंय… आन् सांगा, ह्या तोंडाचा माणूस माणसं खात असंल का? हसू नका, राव! मोबाईलवर तो नवा गेम आलाय ना, जंगलात गोरा हिरो पळतो त्यो, त्यात गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून, डोळं वटारून, भाला घेऊन मागं लागणारा जो काळा माणूसखाऊ हाय… त्यो मी! पिंपळवंडीचा गेणू! आन् मी अंडंसुदा खात न्हाई!

आता म्हणाल, गेणूभाऊ, तू गेमात शिरलास कसा? तर पट्ट्यापासनं सांगतो. मागच्या साली आमच्या शेजारची साळुबाई उसाच्या कडंला गवत कापाया बसली. बिबट्यानं मागनं येऊन मान धरली, ओरडायलासुदा सवड दिली न्हाई. आमी गेलो तर विळा तिथं, गवताचा भारा तिथं, बाई न्हाई. बिबट्याची खोडच अशी, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं आन् त्यो थेट मान धरतो. तवापासनं आमी सगळेच गळ्यात पट्टा घालतो, चामड्याचा, बाहेरनं टोकदार खिळे. आधी कुत्र्याच्या गळ्यात घालायचो, आता बायकोच्या गळ्यात घालतो… मंगळसूत्र आत, खिळे बाहेर! रत्ना, म्हंजी आमची मालकीण, पहिल्या दिवशी आरशात बघून लई हसली, आन् मग चुलीपुढं बसून रडली.

तर असा मी पट्टा घालून कांद्याला पाणी देत व्हतो, आन् बांधाला गाडी थांबली. उतरला कोण? हितेश! आळेफाट्याला पुनमचंद शेठचं खता-औषधाचं दुकान हाय ना, त्यांचा नातू. पुण्यात गेम बनवायच्या कंपनीत हाय, मूळ कंपनी परदेशातली. पोरगं गुणी, वाकून पाया पडतं. त्याच्यासंगं एक मॅडम. ती माझा पट्टा बघून अशी किंचाळली, मला वाटलं मागं बिबट्याच आला! "ओ माय गॉड, किती ऑथेंटिक!" हितेश म्हणतो, "काका, तुमचा चेहरा गेममध्ये घेऊ का? गावाकडचा माणूस हवाय." म्हणलं घे की, चेहरा काय झिजतोय व्हय? थांब, दाढी करून टोपी घालून येतो. "नाही नाही काका, असेच! घामसुद्धा पुसू नका!" झालं, चहूबाजूंनी कॅमेरे लावले. "काका, दात दाखवा… काका, डोळे मोठे… राग आणा, काका!" अरं, कांद्याला पाणी देणाऱ्या माणसानं राग कुणाचा आणायचा? "समोर शत्रू आहे असं समजा अन् ओरडा." मग मी डोळं मिटलं, साळुबाई आठवली, आन् बिबट्या हाकलताना देतो ना, तशी बेंबीच्या देठापासनं आरोळी ठोकली… "हाऽऽड! हाऽऽड!" मॅडमनं टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन रत्नाला सांगितलं, बघ, गेमात मी ट्रॅक्टर चालवत असंल!

ट्रॅक्टर! आमची श्रेया कालेजला जाती. एक दिवस घरी आली ती चप्पल न काढता मोबाईल माज्यापुढं धरून उभी. "आबा, हे काय?" बघतो तर मी. पण कसला मी! मी काळा हाय, कबूल, आईनं काळाच काढला, पण हे तर तव्याचं बूड! अंगाला पाला, पट्ट्याला कवट्या, नाकात हाडूक, आन् तोंडात माझीच आरोळी, हाऽऽड, हाऽऽड! बरं, एकटा असतो तर भागलं असतं, पण सगळं जंगलच माझं! ह्या झाडामागं गेणू, त्या दगडामागं गेणू, सगळ्यांना एकच तोंड, दुसरं तोंड घडवायचा बी कंटाळा केला मेल्यांनी. हिरो गोरापान, घारं डोळं, एवढा पळतो पण घाम न्हाई. बंदूक रोखतो, ठो! गेणू आडवा. पॉइंट! परत ठो! आन् आमाला मारायचं का? तर आमी म्हणं बिबट्याच्या पिल्लाला छळतो! बिबट्याला वाचवा, गेणूला मारा, पुढं चला! आता ह्यांना साळुबाईच्या घरी नेऊन बसवू का? आन् मी अंडंसुदा खात न्हाई, राव!

गेलो तडक हितेशकडं. पोरगं आधी हसलं, मग माझं तोंड बघून खुर्ची पुढं केली. "काका, मनावर घेऊ नका. तो भारत नाहीच, काल्पनिक बेट आहे. थोडं आफ्रिकेसारखं." म्हणलं, आफ्रिकेतली माणसं माणसं खातात व्हय? तू बघितलंस? अरं, तिथं बी एखादा गेणू रानात पाणी धरत असंल, त्याची बी पोरगी कालेजला जात असंल. माझं तोंड लावून त्याला शिवी, आन् त्याचा मुलूख सांगून मला! हितेशनं मान खाली घातली. "मीटिंगमध्ये मी बोललो होतो, काका. ते म्हणाले, खेळणाऱ्यांना असंच आवडतं." पुढं परदेशातनं बी लई तक्रारी गेल्या म्हणं, तवा कंपनी म्हणली, आमी फार संवेदनशील हाओत, आमी सुधारणा करतो. केली सुधारणा! काय केलं असंल, सांगा? नाकातलं हाडूक काढलं. माणसं खाणं चालू!

इथवर बी चाललं असतं हो. माझी पन्नाशी उलटली, मला कोण काय म्हणतं त्यानं माझं काय वाकडं व्हणार? पण श्रेयाचं तसं न्हाई. तिचा रंग माझा, नाक माझं. कालेजातनं येताना पोरं मोटारसायकली हळू करून तिच्यामागं आरोळी द्यायची, "हाऽऽड!" माज्या पोरीला, माज्याच आवाजात! वर्गातली एक म्हणली, "श्रेया, आज डब्यात कोणाय गं?" मी म्हणलं, पोरी, ध्यान देऊ नको. बाप दुसरं काय म्हणणार? तिनं पट्टा खुंटीला अडकवला, तो पुन्हा गळ्यात घातला न्हाई. रत्ना रोज घसा फोडायची, "अगं, पट्टा घाल! साळुबाई इसरलीस का?" तर म्हणायची, "आई, मला जंगली दिसायचं नाही." बिबट्याला भ्याली न्हाई ती हसण्याला भ्याली. आन् मी तिला कोणत्या तोंडानं सांगू, तोंड तर कंपनीकडं!

आन् झालं तेच. गाईला गवत आणाया गेली. मी पल्याडच्या वाफ्यात. ऊस हालला, पोरगी ओरडली, आन् मी फावडं घेऊन सुटलो… हाऽऽड! हाऽऽड! डोळं वटारून, दात काढून, खरंच तसाच पळालो असंल बघा, गेमातल्यावाणी. बिबट्यानं सोडली तिला. पट्टा असता तर ओरखडासुदा आला नसता. डाक्टर म्हणला, मानेची मोठी शीर थोडक्यात वाचली. वनखात्याचा माणूस पंचनाम्याला आला, चांगला माणूस, म्हणला, "पट्टा होता ना घरात? मग का नाही घातला?" आता त्याला काय सांगू, कुठनं सुरू करू? म्हणलं, सायेब, उकडत व्हतं.

दवाखान्यात हितेश आला. रडला. खोटं कशाला बोलू, पोरगं खरंच रडलं. मग म्हणला, "काका, मी भांडलो सगळ्यांशी. आता नवा भाग काढतायत. त्यात हिरोईन गावातली मुलगी, बिबट्याशी लढणारी. आपली श्रेया! कच्चं चित्रसुद्धा तयार आहे." आन् मोबाईल पुढं केला. बघितलं… हातात भाला, वाऱ्यावर केस, गळ्यावर व्रण, आन् पोरगी गोरी! गोरी म्हंजी दुधानं अंघोळ केल्यावाणी. नाक चाफेकळी. म्हणलं, ही कोण? "काका, हीच श्रेया!" वळखली न्हाई, राव. अंगाखांद्यावर खेळवली, आन् बापानं वळखली न्हाई! हितेश म्हणतो, "ते थोडं लायटिंग…" देवाशपथ सांगतो, त्याच्या कानाखाली काढाया मी हात उचलला व्हता. तेवढ्यात श्रेयानं मोबाईल घेतला. डाक्टरनं बोलू नको सांगितलं व्हतं तिला. लई येळ बघत बसली. बोटांनी चित्र मोठं करून बघितलं. मग बारीक आवाजात म्हणली, "आबा, असू द्या. ह्यात मी चांगली दिसते."

काय करता? घेतला हात खाली. चित्रात तिच्या मागं बिबट्या उभा व्हता. त्यो मात्र, खोटं न्हाई सांगत, हुबेहूब काढलाय बघा… ठिपका न् ठिपका जाग्यावर! त्याचा रंग बदलायचं कुणाच्या मनात बी आलं न्हाई.