पेडगावचा साचा

व्यंकटराव : ह्याला निळा म्हनायलीस? दारात ये, उन्हात धर. गुरुजी, तुमीच सांगा, काय हाय हे?

आश्रुबा : वांगं आहे, व्यंकटराव. सरळसरळ वांगं.

धम्मशीला : मीही त्याला निळा म्हणत नाही.

व्यंकटराव : मंग झालं तर. जयंतीला गाण्यांचं पुस्तक निघायचं, वर गाणाऱ्या बायनाबाईचं नाव, आन् कव्हर वांग्याच्या रंगाचं. ताडकळसच्या मंडपात तुझं नाव कोणी घेणार न्हाई, माझं घेतील. परभणीच्या व्यंकटरावानं जयंतीचा निळा नासवला म्हनतील.

धम्मशीला : नासवला तो मी. पडद्यावरचा निळा उजेडाचा असतो. मी त्याच्यावर भाळले आणि तो तसाच शाईच्या हाती दिला. शाईनं त्यात तिचं गुलाबी कालवलं. छपाईच्या चार रंगांत तो आधी उतरवून पाहायला हवा होता.

व्यंकटराव : कविता नको करू. हा फुकटच्या सॉफ्टवेअरचा गुण हाय. काय त्याचं नाव, इंकस्केप. नाव बी धड घेता येईना. नेहमीच्या सॉफ्टवेअरात केलं असतंस, तर छापखान्यातल्या आमच्या महारुद्रनं चहा थंड व्हायच्या आत रंग सुधारून दिला असता.

आश्रुबा : शीला, मी आज नुसता बघायला आलो नाही. काल जयंती समितीची बैठक झाली. पोरगी आपली आहे, एम.ए. झालेली आहे, सगळं मान्य, पण काम छापखान्यालाच करू द्या, असं ठरत चाललंय. मी तुझ्या बाजूनं उभा राहिलो होतो. पण माझ्या हातात हा नमुना होता. त्यानं माझी बोलती बंद केली.

धम्मशीला : म्हणजे माझं कव्हर काढायचं.

आश्रुबा : कव्हर, आणि आतली पानंही. सगळं एकाच हातचं असावं म्हणतात. निर्णय मी आज इथून सांगायचा आहे.

धम्मशीला : आतली पानं मी देणार नाही, काका.

व्यंकटराव : अगं, हुज्जत कशाला घालायलीस? तूच कर. आमचं सॉफ्टवेअर तुझ्या लॅपटॉपवर टाकून देतो, म्हंजे काम बी तुझं आन् फाईल बी आमच्यासारखी. मी तर म्हंतो, रोज येऊन बस इथं. तुझा हात चांगला हाय, खोटं कशाला बोलू. आख्ख्या स्टेशन रोडला हेच चालतंय.

धम्मशीला : तुम्ही ते विकत घेतलंय?

व्यंकटराव : घ्या! गुरुजी, ऐकलं का? बाई, परभणीत कोणी घेतलंय, एक माणूस दाखव. पेनड्राइव्हमधी येतं, पेनड्राइव्हमधी जातं.

धम्मशीला : मग फुकटचं दोघांचंही आहे. माझं मला दिलेलं आहे, इतकाच फरक. ज्यांनी ते घडवलं, त्यांनी दार उघडं ठेवलं आणि उंबऱ्यावर उभं करून माझं नाव, गाव, आडनाव विचारलं नाही. तुम्ही भिंतीवरून उडी मारून आत गेलात.

व्यंकटराव : चोर म्हनायलीस मला? माझ्याच छापखान्यात उभं राहून?

धम्मशीला : मी माझ्यापुरतं बोलते आहे. तुम्ही काय करावं ते तुम्ही ठरवा. बायनाआजीचं पुस्तक मात्र मी त्या भिंतीवरून उतरवणार नाही.

आश्रुबा : शीला, इमान आपल्या जागी. पण नुसत्या इमानानं रंग येत नसतो.

धम्मशीला : नुसत्या इमानाची गोष्ट असती तर मी गप्प बसले असते. आजीची गाणी तुम्ही पहिल्यांदा टाइप करून घेतली होती, त्याचं काय झालं, तेवढं यांना सांगा.

आश्रुबा : ते कशाला काढतेस आता?

व्यंकटराव : सांगा की, गुरुजी. मला बी कळू द्या.

आश्रुबा : मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. पेडगावला बायनाबाईच्या ओसरीवर बसून गाणी उतरवून घेतली. जात्यावरची, निंदणीची, जयंतीची. एका ठिकाणी टाइप करायला दिली. त्यांच्याकडेही असंच, पेनड्राइव्हवरून आलेलं सगळं. अक्षरसुद्धा, फॉन्ट म्हणतात ते, त्यांच्याच मशीनवर होतं तेवढंच. पुस्तक तेव्हा निघालं नाही, फाईल तेवढी सीडीवर घेऊन ठेवली. पुढं काढून बघतो तर ते मशीन गेलेलं, ते अक्षर गेलेलं. पडद्यावर नुसते चौकोन आणि काटे. माझ्या कागदांना तोवर वाळवी लागली होती.

व्यंकटराव : मंग ही गाणी कुठनं आली?

आश्रुबा : बायनाबाईनं पुन्हा गायली. शीलानं उतरवली. पण निंदणीची काही तिला आठवेनात. ती गेलीच.

धम्मशीला : परवा त्यातलं एक तिनं मध्येच सुरू केलं आणि पहिल्या ओळीवर थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पुढची ओळ जणू मला सांभाळायला दिली होती आणि मी ती हरवली. व्यंकटकाका, उरलेली गाणी मी अशा पेटीत ठेवणार नाही, जिची किल्ली भलत्याच्या खिशात आहे. माझी पानं उद्या पूर्णेतलं कोणतंही पोर, कोणत्याही मशीनवर, कोणाचीही परवानगी न मागता उघडू शकेल. मला सुरुवातीला परवडत नव्हतं म्हणून मी या मोकळ्या सॉफ्टवेअरकडे आले, हे खरं. आज तुम्ही तुमचं ते रीतसर विकत घेऊन माझ्या हातावर ठेवलंत, तरी मी हेच वापरीन.

व्यंकटराव : बरं बाई, आतलं राहू दे तुझं. कव्हरचं बोल. आज प्लेट गेली न्हाई तर जयंतीला पुस्तक न्हाई. मंग इमान घे आन् मंडपात वाट.

धम्मशीला : कव्हरची नवी फाईल आणली आहे. बघा.

व्यंकटराव : ही तर सगळी काळी हाय.

धम्मशीला : काळीच आहे. निळा या फाईलमध्ये कुठंच नाही. चार रंग कालवून निळा करायचाच नाही. एकच प्लेट काढा, आणि मशीनमध्ये काळ्याच्या जागी डब्यातली तयार निळी शाई भरा. पांढरं आहे ते कागदाचं.

व्यंकटराव : म्हंजे रूळ धुवा, काळी काढा, निळी भरा, पुन्ना धुवा. एका कव्हरापायी. आन् हे अक्षर बघ. 'ब'चं पोट मधीच तुटलंय. वेलांटी सुटलीय. काना एकीकडं, रेघ एकीकडं. गुरुजी, ह्याला म्हंतात फुकटचा माल. रंग सावरला तर अक्षर फुटलं.

आश्रुबा : द्या इकडं.

व्यंकटराव : बघा, बघा. महारुद्रनं असलं काढलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

आश्रुबा : शीला, हे अक्षर कुठून आणलंस?

धम्मशीला : आजीच्या घरातून. जुन्या पेटीमागे पत्रा होता, गंजलेला. कागदावर त्याचा ठसा घेतला आणि त्यावरून इंकस्केपमध्ये एकेक रेघ ओढली. कुठंही सरळ केली नाही.

आश्रुबा : व्यंकटराव, हे फुटलेलं अक्षर नाही. पत्र्यात अक्षर कापताना मधे जोड ठेवावे लागतात. नाही ठेवले तर 'ब'चं पोट गळून पडतं. हा साचा आहे. भिंती रंगवायचा.

व्यंकटराव : कसल्या भिंती?

आश्रुबा : आमच्या तरुणपणी जयंतीचं पत्रक छापून मिळत नसे. नाही असं तोंडावर कोणी म्हणत नव्हतं. मशीन बंद आहे म्हणायचे, कागद संपलाय म्हणायचे.

व्यंकटराव : आमचे वडील बी?

आश्रुबा : तुमच्या वडिलांचं मशीन तर नेमकं जयंतीच्या तोंडावरच बंद पडायचं.

व्यंकटराव : मंग तुमी काय केलं?

आश्रुबा : मग बायनाबाईच्या मालकानं गोडेतेलाचा डबा चिरून सपाट केला आणि छिन्नीनं त्यात अक्षरं कापली. तिनं कपड्यांची नीळ डिंकात कालवली. चिंधीचा बोळा बुडवायचा, पत्र्यावरून फिरवायचा, पत्रा उचलायचा. सकाळी सगळी भिंत बोलायला लागायची. पेडगावचा साचा आम्ही ताडकळसला नेला, आमच्याकडून पूर्णेकडं गेला. नेणाऱ्याला एकच अट होती. त्यानं आपला दुसरा कापायचा, आणि मागेल त्याला द्यायचा. अडवायचं नाही.

व्यंकटराव : आन् कापणाऱ्यानं त्यात बदल केला तर?

आश्रुबा : करायचा की. ताडकळसच्या सुतारानं वेलांटी रुंद केली होती. चांगली दिसायची. पण कुठंही कापला, कोणीही कापला, तरी त्याला पेडगावचा साचाच म्हणायचे.

धम्मशीला : मला हे माहीत नव्हतं, काका. मला फक्त अक्षर आवडलं होतं.

आश्रुबा : आता माहीत झालं. व्यंकटराव, समितीला मी सांगतो. कव्हर हेच, आतली पानं हिचीच. तुम्हाला रूळ धुणं जमत नसेल तर तसं सांगा. आम्ही नीळ, डिंक आणि चिंध्या घेऊन मंडपात बसतो. एकेक कव्हर हातानं करू. आम्हाला सवय आहे.

व्यंकटराव : आन् मी काय तोंड घेऊन जयंतीला येऊ? वडलांचं मशीन बंद पडायचं, माझं बी पडलं म्हनून सांगू? महारुद्र! ती काळी काढ. रूळ चांगले धू, डाग राहिला न्हाई पायजे. आन् आतला निळा डबा घेऊन ये, नवा, सील न फोडलेला.

(प्लेट चढते. मशीन धडधडत राहतं. पहिला कागद व्यंकटराव स्वतः उचलून दारातल्या उन्हात नेतात.)

व्यंकटराव : गुरुजी, या. आता काय हाय हे?

आश्रुबा : थांबा. चष्मा पुसू द्या.

व्यंकटराव : चष्म्याला काय झालं? बोला की.

आश्रुबा : त्या भिंतीसारखा आहे.

धम्मशीला : कडेला शाई जरा कमी बसली आहे.

व्यंकटराव : मालकीण झाली लगेच. बसंल, बसंल, दहा कागद जाऊ दे. ए, इकडं ये. तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर रिकामाच असतोय. त्याच्यावर टाकून दे तुझं ते इंकस्केप. महारुद्रला दोन रेघा ओढायला शिकव. चाललं तर बघू, मी काय जिम्मा घेत न्हाई.

धम्मशीला : आत्ता टाकते.

व्यंकटराव : आन् गल्लीतल्या कोणी विचारलं, हे सॉफ्टवेअर कुठनं आणलं, तर काय सांगायचं?

धम्मशीला : हाही पेडगावचा साचाच म्हणा. आणि मागितलं तर द्या.