मच्छिंद्रच्या चेहऱ्याबाबत

मी राजानंद पुंजाराम साळवे, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (विद्युत गुणवत्ता निरीक्षक), मूळ रा. आष्टी, ता. परतूर, ह.मु. जालना. पोलिसांनी बोलावून विचारले, म्हणून समक्ष हजर राहून सांगतो की,

जालन्याजवळ इंजेक्शनच्या कारखान्याचे बांधकाम चालू आहे. तेथील धूळमुक्त खोल्यांमधले वायरिंग तपासून पास-नापास करणे हे माझे काम. आत सर्वांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट व मास्क घालावा लागतो. फक्त डोळे दिसतात. मयत मच्छिंद्र, रा. अंतरवाली सराटी, हा ठेकेदाराकडील वायरमन. आम्ही सात महिने सोबत काम केले. त्याची व माझी कपडे बदलण्याची खोली वेगळी. ज्याचे काम तपासायचे त्याच्यासोबत जेवायचे नाही, हा नियम माझा, कंपनीचा नाही. मी केबिनमध्ये एकटाच जेवतो. मला पाहिले की साइटवरच्या गप्पा बंद पडतात. मच्छिंद्र तेवढा आत काम करताना मास्कमधूनच बोलायचा. "सायब, एकलेच जेवता का? मंग मी येऊ का?" असे नेहमी विचारायचा. मी हसण्यावारी न्यायचो.

काल रविवार असल्याने आम्ही दोघेच कामावर होतो. वीजपुरवठा मी स्वतः बंद केला होता. दुपारी मच्छिंद्र खोट्या छतावरच्या पोकळीत केबल पाहत असताना फळी सरकून खाली पडला. मी फोन करून रुग्णवाहिका बोलावली. तिच्यातल्या माणसांनी त्याला सूट-मास्कसकट उचलून नेले. मी सूट काढून बाहेर येईपर्यंत ती निघून गेली होती.

दवाखान्यात दोन तरुण मयत होते. दुसरा रस्त्यावरच्या अपघातातला. मच्छिंद्रचा सूट काढलेला, ओळखपत्र साइटवर लॉकरमध्ये. हवालदार धर्मराज म्हणाले, "आई निघालीय त्याची. तिला दोन्ही चेहरे दाखवायची पाळी आणू नका. तुमचा कोणता, सांगा." मला सांगता आले नाही. मी रुमालाने दोघांचेही नाक-तोंड झाकून पाहिले. डोळे मिटलेले होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

आई सोनूबाई आल्या. त्यांना दोन्ही चेहरे पाहावे लागले. खिडकीकडच्या मयताजवळ त्या खाली बसल्या. त्याला मिशी होती. मला माहीत नव्हते. मग त्यांनी मला विचारले, "तुमीच का राजानंद सायब? रोज दोन भाकरी जास्ती न्यायचा. आज सायब बसतील संगं, म्हणायचा."

जबाब वाचून ऐकवला, तेव्हा त्यात "मयतास ओळखत नाही" असे आले होते. ते खोडायला लावून "चेहरा ओळखता आला नाही" असे लिहून घेतले. बाकी मजकूर बरोबर आहे.