मर्लच्या दगडावरची तीन अक्षरं

नाही, पण मला सांगा, नवरा गेल्याची बातमी अशी देतात का? शनिवारची सकाळ, मी आपली सिंकपाशी उभी, बटाट्याच्या सॅलडसाठी उकडलेली अंडी सोलतेय, फोन वाजतो, पलीकडे ड्वेन. ड्वेन म्हणजे आमच्या पाँटिॲकमधल्या जुन्या गाडीवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष, माझ्या मर्लचा जिवलग. म्हणतो, "लॉरेन, मर्ल वादात जिंकत होता बघ..." म्हटलं, बरं, मग? "...आणि खाली बसला. उठलाच नाही गं."

आणि वाद कशावर? तर मस्टँग गाडीवरचा घोडा डावीकडेच का पळतो!

तुम्हाला सांगते, साठी उलटलेले सात बाप्ये, दर शनिवारी बर्गरवाल्याच्या आवारात गाड्यांची बॉनेटं उघडून, घडीच्या खुर्च्या टाकून बसणार आणि बोलणार कशावर? गाड्यांच्या नाकावरच्या बिल्ल्यांवर! एक म्हणतो, शर्यतीचे घोडे प्रेक्षकांना उजवीकडे पळताना दिसतात, हा रानटी, हा कुणाचं ऐकत नाही. दुसरा म्हणतो, छे, चित्र काढणाऱ्याचा हातच तसा वळायचा. शेव्ही गाडीवरचा तो बो-टायसारखा बिल्ला घ्या... कंपनीचा मालक म्हणे सांगायचा, पॅरिसच्या हॉटेलात भिंतीच्या कागदावर पाहिला. त्याची बायको म्हणाली, कसलं पॅरिस, पेपरातल्या जाहिरातीत पाहिला! आता खरं कुणाचं? सातही जण पॅरिसच्या बाजूनं! फायरबर्ड गाडीच्या बॉनेटवरच्या पक्ष्याला स्वतः 'किंचाळणारी कोंबडी' म्हणतील, पण कुणाच्या कोंबडीचं एक पीस कमी दिसू दे... बिल्ला खरा पाहिजे!

आणि आमच्या गावाचं नाव ज्या ओटावा जमातीच्या सरदारावरून पडलं, तो बिचारा इंग्रजांशी लढला. पुढे काय, तर गावातल्या कंपनीनं त्याच्याच नावाची पाँटिॲक गाडी काढली आणि त्याचं मुंडकं तिच्या नाकावर! मग मुंडकंही गेलं, बाणाचं लाल टोक तेवढं उरलं, शेवटी कंपनीसुद्धा गेली. त्या सरदाराला कुणी विचारलं होतं? पण बिल्ला खरा पाहिजे!

तर, दगड. कबरीच्या दगडावर आमच्याकडे कोपऱ्यात काहीतरी कोरतात, कुणी हरीण, कुणी ट्रॅक्टर. मी दगडवाल्याला म्हटलं, मर्लच्या पाँटिॲकवर होती ती तीन अक्षरं कोरा. जी-टी-ओ. ड्वेन सोबत आलेला, त्याचा चेहरा पडला.

"लॉरेन, ते नको गं."

"का नको?"

"मर्लची गाडी ती दमदार, महागडी जीटीओ नाही. त्याच कंपनीची साधी ल मॉन्स आहे. बिल्ले मागाहून लावलेत."

अहो, मला माहीत नाही? ते लावताना गॅरेजात टॉर्च कुणी धरला होता? दाराच्या आतल्या पट्टीवर कारखान्यानं ठोकलेला गाडीचा नंबर असतो, तो वाचला की सोंग उघडं पडतं, म्हणून हा माणूस वीस वर्षं त्याच दाराला खुर्ची टेकवून बसला. उन्हानं नाकाची सालटं निघाली, पण उठेल तर शपथ!

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच शनिवारी. मागच्या दिव्यांवरून. सगळ्यांनाच कळलं."

सगळ्यांना! म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचे स्क्रू मोजणारे हे सहा जण...

"बोलला का नाहीत मग?"

ड्वेननं चष्मा काढून पुसला. पुसला म्हणजे पुसतच बसला. "खूश असायचा गं तो." मग एकदम ताठ होऊन म्हणतो, "पण दगड कायमचा असतो. बिल्ला खरा पाहिजे!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ड्वेन, तूच सांगायचास ना, त्या तीन अक्षरांचा अर्थ काय?"

"शर्यतीला मान्यता मिळालेली गाडी."

"मग आपल्या कारखान्याच्या जीटीओला मिळाली होती मान्यता?"

"...नाही."

"आणि नाव मुळात कुणाचं?"

"इटलीच्या एका गाडीचं. आपल्या लोकांनी उचललं."

"म्हणजे कारखान्यानं मारलेली थाप अस्सल आणि माझ्या नवऱ्यानं मारलेली नक्कल?"

"अगं, पण कारखान्याची थाप कारखान्यातच बसवलेली असते ना!"

मी दगडवाल्याला म्हटलं, कोर बाबा.

कोरलं त्यानं. परवा सहाही जण बघायला आले, टोप्या काढून उभे राहिले. मला वाटलं, चला, आता तरी गप्प बसतील. ड्वेन वाकला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "टी आणि ओमध्ये अंतर जरा जास्त पडलंय."

अंतराचं काय ते दगडवाला बघेल. पण सोंग सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाचं काही म्हणणं नाही, एवढं एक मर्लला सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही.