करावेच्या खाडीतला रोहू

...आणि वर मला सांगतो, "सर, खात्री नंतर करा, आधी टाका!" नंतर? अहो, खात्री म्हणजे काय बडीशेप आहे का, जेवण झाल्यावर चघळायला? सव्वीस वर्षं नवी मुंबईत बातमीदारी केली मी, आणि परवा, तुम्हाला सांगतो, एका मेलेल्या माशानं माझं नाव घालवलं असतं. थोडक्यात वाचलो!

झालं काय, आमचा पेपर पडला बंद, आता पोर्टल आहे. संपादक ऋषी, वय सत्तावीस, म्हणजे मी पहिली बातमी लिहिली तेव्हा हा रांगत होता. पोरगा गुणी आहे हो, पण घाई फार... परवा सकाळी नेरूळच्या ऑफिसात पाऊल टाकतोय तोच मोबाईल माझ्या नाकासमोर. व्हिडिओ! पाण्यावर मेलेले मासेच मासे, आणि मागून एक बाई घाबऱ्या आवाजात, करावेच्या खाडीत विष कालवलंय, कोणी मासे खाऊ नका! सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय, दोन पोर्टलांनी टाकलाय आणि आपण चहा पितोय, असं ऋषीचं म्हणणं. मी म्हटलं, जाऊन बघतो. तर म्हणे, जाता कशाला, प्रश्नचिन्ह टाका ना सर, मग काय पण चालतं!

आणि खोटं कशाला बोलू, केलं की मी टाइप! 'करावेच्या खाडीत विष?' खाली माझं नाव. बटणावर बोट. ऑफिसात आम्ही सहा जण, सहाही जणांनी व्हिडिओ बघितलेला, आणि मासा कळतो असा एक नाही. मी तर बार्शीचा! मासा ताटात आला की खातो, त्याचं आधार कार्ड मागत नाही. पण बोट काही खाली जाईना. म्हटलं, नंदकुमार, करावे रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि तू एसीत बसून विष शोधतोयस? उठलो. ऋषी मागून व्ह्यूज, व्ह्यूज करत राहिला.

करावेला दुर्गाबाई मासे विकतात, जुनी ओळख. एरवी अकराला टोपली रिकामी. परवा बारा वाजले तरी कोळंबी तशीच, गिऱ्हाईक औषधाला नाही, आणि बाई बर्फ टाकून टाकून कंटाळलेल्या. मी गुपचूप व्हिडिओ दाखवला. एकदाच बघितला त्यांनी.

"यो रोहू हाय, बाला. तलावातला. खाऱ्या पान्यात कवा आला?"

संपलं! सहा पदवीधर, आणि बाईंना लागले चार सेकंद.  ते बोट पडलं असतं तर? बाईंची टोपली उद्याही तशीच, आणि परवाही, आणि ते कुणाच्या नावानं? माझ्या! थोडक्यात वाचलो हो...

मग खाडीवर गेलो, पाणी बघितलं, मेलेला मासा एकही नाही, होडीवाल्यांशी बोललो, बाईंना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, त्यांच्या कोळंबीची बोहनी मीच केली आणि दुपारी बातमी टाकली. संध्याकाळपर्यंत त्या दोन्ही पोर्टलांनी आपापल्या बातम्या गुपचूप उडवल्या. ऋषीनं दोन्ही लिंक स्वतः उघडून बघितल्या. मग हळूच म्हणाला, सर, यापुढे माशाचं काही आलं तर आधी दुर्गाबाई. म्हणजे आमचा खात्री विभाग आता करावेला टोपलीमागे बसतो! आणि काल बाईंचा फोन, टोपली साडेदहालाच रिकामी. इतकं हलकं वाटलं, सांगतो तुम्हाला... म्हणजे वाचतात लोक अजून. आमची सोसायटी सोडून.

कारण परवा घरी आलो, कोळंबीची पिशवी बायकोच्या हातात दिली. वैजयंतीनं ती दोन बोटांत धरून दाराबाहेर ठेवली. करावेची? व्हिडिओ नाही बघितलास? अगं, म्हटलं, तो खोटा आहे, बातमी मीच दिलीय! तर म्हणे, आपल्या ग्रुपवर नाही आली. बरं, म्हणून मीच टाकली ग्रुपवर, माझ्या नावासकट, दुर्गाबाईंसकट. थोडक्यात वाचलो म्हणेपर्यंत सेक्रेटरींनी ती उडवली, आणि खाली लिहिलं, "सभासदांनी खात्री केल्याशिवाय अफवा पसरवू नयेत."

काय करणार... बसलो. वरणभात होता.