कागदावरचा सहावा महिना

(किरनापूरच्या पुढचं एक गाव, जानेवारी २००३, दुपार. अनुसयाच्या घराचा ओटा. नर्स संध्या बसली आहे. बाजूला पोलिओच्या थेंबांचा बर्फाचा डबा.)

अनुसया : हात द्या म्हटलं ना, मी उठवतो.

संध्या : ओढू नको गं. ओढलं की जास्तच होतं. दोन मिनिटं थांब, माझी मी उठते.

अनुसया : केव्हाच्या तेच म्हणून राह्यल्या तुमी. माह्या पोराले थेंब पाजून झाले, तो झोपलाही, अन् तुमची दोन मिनिटं काही सरेनात.

संध्या : टोल्यावरची, त्या पलीकडच्या वस्तीतली तेवीस घरं राहिलीत अजून. चार वाजता खेमराज साहेब येतात बघायला. त्याच्या आधी व्हायला पाहिजे.

अनुसया : टोल्यावर जायाले नाला उतरा लागते. उतरान?

संध्या : उतरेन.

अनुसया : ओट्याची एक पायरी चढल्या तं डोळ्यात पाणी आलं. मी काय आंधळी आहो?

संध्या : धूळ गेली होती.

अनुसया : हौ, दोन्ही डोळ्यांत एकदमच गेली. कुठं दुखते ते सांगा.

संध्या : इथं. समोरच्या हाडात, जांघांच्या मधोमध. पाय उचलला की कोणी पहार घालून उकलतंय असं वाटतं. रात्री कूस बदलायची तर ह्यांना उठवावं लागतं. परकरात पाय टाकायचा तर भिंत धरते. एका पायावर उभंच राहता येत नाही.

अनुसया : अन् जीपमधून कशा उतरता?

संध्या : आधी सगळ्यांना उतरू देते. म्हणते, तुम्ही व्हा पुढे, मी डबा सांभाळते.

अनुसया : महिना कोणता?

संध्या : सहावा.

अनुसया : बाई, हे मले नका सांगू. तीन लेकरं झाले मले.

संध्या : कागदावर सहावा आहे.

अनुसया : अन् पोटात?

संध्या : आठवा लागला.

अनुसया : काहून असं?

संध्या : संविदेची, वर्षाच्या कराराची नोकरी आहे माझी. दरवर्षी फेब्रुवारीत साहेबांची नवी सही लागते. मागच्या वर्षी आमच्यातल्याच पुष्पलता नर्सनं सातव्यात जाऊन सांगितलं, चालणं होत नाही, बसून करायचं काम द्या. फेब्रुवारीत तिच्या जागी दुसरी आली. सध्या घर माझ्याच पगारावर आहे, अनुसया. तीन आठवडे काढायचे फक्त. सही झाली की मग बाळ आलं तर येऊ दे, लवकर झालं म्हणेन.

अनुसया : डॉक्टरीणबाईले तरी दाखवलं काय?

संध्या : त्या साहेबांच्या शेजारच्याच खोलीत बसतात. नाही दाखवलं. तुझ्या ओट्यावर मात्र मुद्दाम बसले मी.

अनुसया : माह्या? काहून?

संध्या : मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या वेळी, हे पोर पोटात असताना तुला हेच होत होतं ना? अंगणवाडीत आली होतीस सांगायला.

अनुसया : आठवते तुमाले?

संध्या : हल्ली रोज आठवतं.

अनुसया : मी तं विसरलोच नाही. गुडघाभर चिखलात धान लावत होतो. एक पाय काढला की जीव जाये. तुमी म्हटलं, सगळ्यांनाच होतं, लाल गोळ्या खा अन् नाटकं कमी कर. झाडून साऱ्या बाया हासल्या होत्या.

संध्या : हो. म्हटलं होतं मी.

अनुसया : त्याच्यानंतर महिनाभर मी तोंड नाही उघडलं. उघडलं की सासू म्हणे, नर्सबाईनंच सांगतलं नाटक आहे म्हणून. अन् पुन्हा चिखलात.

संध्या : शिव्या दे मला, ऐकून घेते. पण तू उभी कशी राहत होतीस, तेवढं सांग. मला ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवलं नाही गं. पाया पडते तुझ्या.

अनुसया : पाया कशा पडान? वाकता तरी येते काय?

संध्या : हसवू नको. हसलं तरी दुखतं.

अनुसया : दोन्ही गुडघे जवळ घ्या. असे नाही, चिकटून. हां. आता कंबर अन् गुडघे संगच फिरवा, एक पाय मागं नाही सोडाचा. थांबा, जुन्या लुगड्याची पट्टी आहे माही. पोटावर नाही बांधत, पोटाच्या खाली, कुल्ल्यांवरून. श्वास सोडा.

संध्या : आई गं...

अनुसया : जास्त झालं?

संध्या : कमी. अनुसया, कमी झालं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

अनुसया : जात नाही ते. नुसतं धरून ठेवते. माहं तं पोर झाल्यावर महिन्यानं गेलं. रात्री गुडघ्याच्या मधात उशी घालत जा. अन् पाऊल लहान टाका, लगनातल्या नवरीवाणी. चला, डबा मी घेतो.

संध्या : चल. हळू. हो... हो... नाही. नाही गं, नाही. बसव मला. नाल्यापर्यंतसुद्धा नाही पोचणार मी.

अनुसया : बसा, बसा. पाय जवळ ठेवा. फटफटी येऊन राह्यली कोणाची तरी.

संध्या : साहेब आहेत! पट्टी झाक, पदर ओढ खाली. तोंड पुसते मी.

खेमराज : क्या सिस्टर, यहीं अटक गईं? टोले का एक भी घर नहीं हुआ?

संध्या : होतंय सर. निघालेच मी.

खेमराज : तो उठिए.

अनुसया : साहेब, त्यायले—

संध्या : तू थांब. सर, मला उठता येत नाही. आठवा महिना चालू आहे.

खेमराज : छठा लिखवाया था आपने.

संध्या : खोटं लिहिलं होतं.

खेमराज : पुष्पलता का मालूम है न आपको?

संध्या : मालूम आहे सर.

खेमराज : डिब्बा दीजिए. टोला मैं देख लेता हूँ, बच्चे नहीं छूटने चाहिए. लेकिन जो सच है वो मुझे ऊपर लिखना पड़ेगा. जीप आएगी तो बैठ जाइएगा.

संध्या : जी सर.

अनुसया : गेला.

संध्या : नोकरी गेली गं माझी.

अनुसया : हौ. गेलीच असन.

संध्या : मला वाटलं, तू धीर देशील काही.

अनुसया : खोटा देऊ काय? कुशीवर लेटा अशा. माह्या खांद्याले धरा, भार टाका, मी पडत नाही. हा कांबळा गुडघ्याच्या मधात घ्या. आता ओठ काहून चावून राह्यल्या?

संध्या : सवय झाली आहे.

अनुसया : सोडा ते. जीप यायाले टाइम आहे, अन् इथं मी एकटीच आहो. कण्हून घ्या बाई.