चंद्रा तंबूत हसते आहे

मंडळी, प्लेगची धास्ती अजून गेलेली नाही, तरी तुम्ही गिरगावात, आपल्या या नाटकगृहात आलात. लिहून दिलेलं भाषण मी धडाधड म्हणते. आज शब्द सापडत नाहीत. एका जागी उभंही राहवत नाही. सांभाळून घ्या.

आपल्या बायकांच्या नाटक मंडळीत मी पुरुष व्हायचे आणि चंद्रा माझी नायिका. घोडपदेवच्या चाळीतली, गिरणीत राबणाऱ्या विधवेची एकुलती एक पोर. ती रंगभूमीवर आली की शेवटच्या रांगेतल्या माणसाची विडी हातातच विझायची.

मग एक फोटोग्राफर यंत्र घेऊन आला. हलती चित्रं काढायची होती, आणि त्यात बाई हवी होती. कुणी तयार होईना. चंद्रा पुढे झाली.

एका गच्चीवर पडदा टांगून काम सुरू झालं. तो म्हणाला, "बाई, बोलू नका. आवाज उमटत नाही."

"मग गोष्टीतला नवरा परत आला हे लोकांना कळणार कसं?"

"तुमच्या तोंडावर दिसायला हवं."

आणि दिसलं! मैदानावरच्या तंबूत चित्रांचा खेळ लागला की लोक श्वास रोखून बघायचे. ती दारात उभी राहायची, लांबवर नजर लावायची, ओळखायची आणि हसायची. एकच गलका व्हायचा, पुन्हा दाखवा! मग त्यानं तिची आणखी चित्रं काढली. नाटक मागे पडलं. मी चिडायचे. "अगं, मुकं राहून कसलं काम करतेस?" तर म्हणायची, "राधे, तिथं साधा हुंदका गिळलेलासुद्धा दिसतो गं."

पुढे घोडपदेवात प्लेग शिरला. तिच्या आईला गाठ आली. मी चंद्राचा हात धरला, चाळीत जाऊ नकोस म्हटलं. हात सोडवून गेली. आई वाचली. चंद्राला लागण झाली, इस्पितळात नेलं, ती परत आली नाही.

आता काही जण कुजबुजतात, यंत्रानं तिचा प्राण ओढून घेतला. यंत्रानं? अहो, आईच्या उशाशी बसली म्हणून गेली ती! आईच्या उशाशी!

परवा कुणीतरी त्या माउलीला सांगितलं, तुझी पोर तंबूत अजून चालते, हसते. ती माझ्या दारात येऊन उभी. "मला ने." नेलं. चित्र सुरू झालं तशी ती उठली, लोकांतून वाट काढत पडद्याशी गेली आणि लेकीच्या गालावर हात ठेवला. चित्र तिच्या पाठीवर पडलं. मागून लोक ओरडले, "ए म्हातारे, बाजूला हो!" कशी करू मी तिला बाजूला? तुम्ही केली असती?

आज इथं बोलवायला गेले, तर म्हणाली, "तुमी मेलेलीची सभा घ्या. मी तिला बघून येते."

ती आत्ता तिथं तंबूत बसली आहे. आणि आजचा खेळ शेवटचा आहे, मंडळी. उद्या तंबू उठणार, चित्रं बोटीनं दूरदेशी जाणार. तिला हे ठाऊक नाही.

उठा. चंद्रासाठी क्षणभर उभे राहू या. मग मला थांबवू नका. खेळ सुटायच्या आत मला मैदानावर पोचायचं आहे.